डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड: फरक जपायचा की सोडून द्यायचा?

दुभाषी_नाशिक: मी कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं करते. जमिनीच्या वादातल्या एका मसुद्यात ‘डिसइंटरेस्टेड विटनेस’चं ‘निरुत्साही साक्षीदार’ झालेलं पाहिलं आणि राहवलं नाही. तो माणूस अजिबात कंटाळलेला नव्हता. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, त्याला गुंठाभर जमीन मिळणार नव्हती, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. हितसंबंध नाही तो डिसइंटरेस्टेड, रस नाही तो अनइंटरेस्टेड. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असायलाच हवा. दुसऱ्या प्रकारचा निघाला तर पक्षकाराचं वाटोळं. हा फरक शाळेतच पक्का करून घ्यायला हवा, चुकला तर गुण कापूनही, असं माझं ठाम मत आहे.

वाहती_गोदा: असहमत. सतराव्या शतकात इंग्रजी कवी जॉन डनने डिसइंटरेस्टेड ‘रस नसलेला’ याच अर्थाने वापरलाय आणि त्याच शतकात अनइंटरेस्टेड म्हणजे ‘निःपक्षपाती’ असाही अर्थ होता! पुढे दोघांनी जागा बदलल्या. आज लोक पुन्हा जुन्या अर्थाकडे वळत असतील तर त्यांना अडाणी का ठरवायचं? यावरून पोरांचे गुण कापणं मला अन्याय वाटतो.

काळा_कोट: इतिहास मान्य, निष्कर्ष अमान्य. कोर्टात ‘इंटरेस्टेड’ या शब्दावर माणसं सुटतात किंवा अडकतात. राजस्थान राज्य विरुद्ध कल्की (१९८१) बघा. मयताची बायको प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. हायकोर्टाने तिला ‘इंटरेस्टेड’ म्हणून तिच्या साक्षीवर भरवसा ठेवला नाही. सुप्रीम कोर्टाने बजावलं की नातं असणं म्हणजे हितसंबंध असणं नव्हे. निकालातून ज्याचा काही फायदा होतो, तोच इंटरेस्टेड. एका बाईची साक्ष या अर्थावर तरली. तिथे ‘भाषा बदलते हो’ म्हणून कसं चालेल?

वाहती_गोदा: कोर्टाची परिभाषा कोर्टात राहू द्या, तिला कुणी हात लावत नाहीये. रोजच्या बोलण्यात संदर्भ असतो ना? ‘डिसइंटरेस्टेड इन क्रिकेट’ वाचून कुणालाही ‘क्रिकेटबाबत निःपक्षपाती’ असं वाटत नाही.

दुभाषी_नाशिक: तिथे ‘इन’ आहे म्हणून वाचलात. ‘द अंपायर वॉज डिसइंटरेस्टेड’ एवढंच वाक्य घ्या. हे कौतुक की तक्रार? मला सांगता येत नाही, आणि छापणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

फळा_खडू: वीसेक वर्षं इंग्रजी शिकवतेय, म्हणून एक अडचण मांडते. विशेषणांचा फरक मुलांना लगेच कळतो. गाडी अडते ती नामापाशी. ‘रस नसणं’ याला नाम काय? ‘अनइंटरेस्ट’ कुणी सहसा म्हणत नाही, चांगले लिहिणारेही ‘डिसइंटरेस्ट’च लिहितात. मग मुलं त्यावरून विशेषण बनवतात, डिसइंटरेस्टेड. त्यांचं तर्कशास्त्र बरोबरच आहे की! मी फरक शिकवते, पण निबंधात गुण कापत नाही. भाषांतराच्या पेपरात मात्र कापते.

काळा_कोट: भाषांतराच्या पेपरात कापता, एवढं मला पुरेसं आहे. बाकी निबंधाबद्दल गोदाताईंशी भांडण नाही.

वाहती_गोदा: माझं आहे. अंपायरचं ते वाक्य संदिग्ध असेल तर लिहिणाऱ्याने सरळ ‘इम्पार्शल’ लिहावं. सोपा शब्द हाताशी असताना वाचणाऱ्याची परीक्षा कशाला?