मदत हवी आहे: जाळीबाहेरच्या फीडरवर येणारी ही चिमणी नक्की कोणती?

नमस्कार मंडळी,

पक्ष्यांतल्या आणि कॅमेऱ्यातल्या, दोन्ही जाणकारांची मदत हवी आहे. राहायला पुण्यात बावधनला, चौथा मजला, समोर टेकडी. गॅलरीला कबुतरांची जाळी आहे, तिच्या बाहेर फीडर टांगलाय. त्यात बाजरी आणि राळे. नेहमीची गिऱ्हाइकं आता ओळखीची झालीत: चिमण्या, होले, पावसाळा सरता सरता थव्याने येणाऱ्या ठिपकेवाल्या मुनिया. बुलबुल दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाही, त्याला पपईची फोडच लागते.

प्रश्न एका वेगळ्याच पाहुण्याचा आहे. आकाराने चिमणीएवढा पण अंगाने सडसडीत, रंग मातकट, चोच चिमणीपेक्षा निमुळती. चिमण्यांच्या घोळक्यात मिसळत नाही. दोघं-तिघं येतात, आधी समोरच्या वाळक्या फांदीवर बसून अंदाज घेतात आणि मग उतरतात. चिमणीच्या मादीला डोळ्यामागे जो फिकट पट्टा असतो, तो याला दिसत नाही. पंखावर पांढरं काहीतरी आहे. आईच्या मते सुगरणीची मादी, बायकोच्या मते साधी चिमणी. पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप एका फोटोला चिमणी म्हणतं, दुसऱ्याला मुनियाचं पिल्लू.

ॲपला तरी काय दोष द्यायचा, फोटोच तसे आहेत. गॅलरी पूर्वेला, त्यामुळे सकाळी मागे पांढरंफटक आभाळ आणि पुढे काळा ठिपका. ऑटोफोकस जाळीवर जाऊन बसतो. जुना डीएसएलआर आहे, ५५-२५० ची लेन्स. ओळखायला नक्की काय बघू आणि ते फोटोत कसं आणू?

प्रतिसाद:
पाठीवर रेघोट्या आहेत का ते आधी सांगा. चिमणीच्या मादीच्या पाठीवर गडद रेघोट्या असतात, सुगरणीच्याही असतात, शिवाय सुगरणीची चोच जाडजूड आणि शेपूट आखूड. मुनियाचं पिल्लू सगळीकडून एकसारखं तपकिरी, पंखावर पट्टे नाहीत. पाठ कोरी, राखट-तपकिरी आणि पंखावर पांढरे पट्टे असतील तर माझं मत रानचिमणीला. नराच्या खांद्यावर विटकरी डाग आणि गळ्यावर पिवळा ठिपका असतो. मादीचा ठिपका इतका फिका की फोटोत हमखास हरवतो, तेव्हा पिवळं दिसत नाही म्हणून लगेच बाद करू नका. ओळखीसाठी देखणा फोटो लागत नाही. बाजूने काढलेला, चोच, पाठ आणि खांदा दिसणारा धूसर फोटोही पुरतो. (जाता जाता: लहानग्या सलीम अलींनाही हिची ओळख विचारायला मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत तिथले सचिव मिलार्डसाहेब यांच्याकडे जावं लागलं होतं. तेव्हा तुम्ही चांगल्या पंक्तीत आहात.)

प्रतिसाद:
जाळीचा त्रास सोपा आहे. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा, झूम २५० वर, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) जेवढं उघडेल तेवढं. जाळी फोटोतून गायब होते. फोकसचा एकच पॉइंट निवडून पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास, कारण दाणे टिपताना मान सतत हालते. पाठीमागे आभाळ असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ करायची सोय) +१ किंवा त्याहून थोडं जास्त द्या. आभाळ जळून पार पांढरं झालं तर होऊ दे, आपल्याला पक्षी हवाय. त्यापेक्षा दुपारनंतर काढा, बिल्डिंगच्या सावलीत मऊ उजेड मिळेल. आणि फीडरशेजारी एक वाळकी फांदी आडवी बांधा. उतरण्याआधी बसायची सवय आहे म्हणता, म्हणजे फीडरपेक्षा तिथेच चांगला सापडेल.

धागाकर्ता:
दोघांचे आभार! जुने फोटो उजळून पाहिले. पाठीवर एकही रेघ नाही, पंखावर दोन पट्टे, वरचा जास्त ठळक. खांदा मात्र विटकरी वाटत नाही. मादी धरू का? फांदी बांधून नवीन फोटो टाकतोच.

जाता जाता आणखी एक. राळ्याची टरफलं खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात आणि त्यांचा सूर आता चढायला लागलाय. फीडरखाली ताटली लावून पाहिली, तर तिच्यावर कबुतरं ठाण मांडतात. कोणी काही जुगाड केलाय का?