काही न घडलेल्या दिवसांचा आनंद : खान्देशातल्या ख्रिस्ती मंडळींचे अनुभव

गिरणाकाठ (जळगाव)

सलाम मंडळी.

रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, कुणी उभं राहिलं की पुढचं आपल्याला तोंडपाठ असतं. ऑपरेशन नीट पार पडलं, पोराला नोकरी लागली, गाडी उलटली पण खरचटलंसुद्धा नाही. या साक्षी खऱ्याच असतात, उपकार मानायलाच हवेत. पण मधल्या दिवसांचं काय? नळाला पाणी आलं, भाकरी झाल्या, ड्युटी झाली, झोपलो. अशा दिवसांत ख्रिस्तातला आनंद तुम्हाला कुठे भेटतो आणि तो शेजारच्यापर्यंत कसा पोचतो, तेवढंच इथे लिहा.

"आमच्याकडे लिहिण्यासारखं काही नाही" ही सबब चालणार नाही. बायबलमधल्या पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं ते कैदेतून. अवघे 4 अध्याय, आणि फिरून फिरून तेच, आनंद करा! बेडीतल्या माणसाला सुचतं, तर आपल्याला पंख्याखाली बसून का सुचू नये?

वचनांची माळ नको. नाव-पत्ते नकोत. अहिराणी, लेवा बोली, मावची, काहीही चालेल. नाही कळलं तर विचारेन.

लालमिरची (नंदुरबार)

मीच सुरुवात करते. आई आणि मावशी मिरचीच्या पथारीवर जायच्या, सुट्टीत मीही. ज्यांनी पथारी पाहिली नाही त्यांच्यासाठी : गावाबाहेरच्या मोकळ्या रानात जिकडे बघावं तिकडे लाल मिरची वाळत घातलेली असते आणि बाया ओळीने बसून देठ खुडत असतात. फोटोत फार सुंदर दिसतं. तिथे बसलं की नाक, डोळे, घसा, सगळ्याची आग. संध्याकाळी धुतलेल्या हातांनीही लहान लेकराला घ्यायची चोरी.

सगळ्यांनी नाकातोंडावरून फडकी घट्ट बांधलेली. त्यात कुणीतरी गाणं सुरू करायचं, बहुतेक मंडळीतलं (म्हणजे चर्चमधलं), आणि तोंडं झाकलेली असल्याने गातंय कोण तेच कळायचं नाही. मग सगळ्याच एकमेकींकडे संशयाने बघायच्या. मधेच खोकल्याची उबळ आली की कडवं तिथेच बारगळायचं.

मला सांगायचंय ते डब्याचं. दुपारी डबे उघडले की आई डोळे मिटून दोन वाक्यांची प्रार्थना करायची. त्या घोळक्यात ख्रिस्ती आम्ही तिघीच. पण हळूहळू बाकीच्याही हात आवरून थांबू लागल्या. एकदा आई कुठल्याशा विचारात होती, तिने थेट भाकरी मोडली, तर समोरची म्हातारी म्हणाली, "का वं, आज आमेन नाही?" तिला आमच्या धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. आमेन झाल्याशिवाय जेवण सुरू होत नाही एवढंच तिने धरलं होतं. आई घरी येऊन बाबांना हे सांगताना इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं.

लूपलाइन (भुसावळ)

मालगाडी चालवतो. आमचा नाताळ रोस्टरवर अवलंबून. एका वर्षी 24 डिसेंबरच्या रात्री खंडव्याकडे निघालो होतो. मधल्या एका स्टेशनात गाडी लूपला (बाजूच्या रुळावर) घेतली आणि एकामागून एक मेल-एक्सप्रेस पुढे काढत बसले. थंडी मरणाची. घरी पोरं नवे कपडे घालून मध्यरात्रीच्या भक्तीला गेली असणार, आणि मी लाल सिग्नलकडे बघत बसलेला. सकाळी रनिंग रूमला (आमच्या विश्रांतीच्या खोलीवर) पोचलो तर तिथल्या स्वयंपाक्याने शिरा केलेला. त्याला कुणी सांगितलं, कुणास ठाऊक. तो स्वतः रोजे ठेवणारा माणूस. म्हणाला, "साहेब, सणाच्या दिवशी तोंड गोड नाही केलं तर कसं?"

घरी आलो तर बायकोने सगळं राखून ठेवलेलं. करंज्या, मटण, केक. आम्ही 26 ला जेवलो. तेव्हापासून आमच्या क्वार्टरमध्ये 26 च्या संध्याकाळी ड्युटीवाल्यांचा नाताळ असतो. 25 ला जे जे कामावर होते ते सगळे येतात : गार्ड (आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं, पण तोंडात गार्डच), पॉइंट्समन, टीसी, शेजारच्या ब्लॉकमधली नर्स. कोण कुठल्या धर्माचा हे विचारत नाही, फक्त 25 ला ड्युटी होती का ते विचारतो. काही महाभाग तर त्यासाठी ड्युटी बदलून घेतात असा माझा दाट संशय आहे.

गिरणाकाठ

काका, 26 ला जळगावकरांनाही परवानगी आहे का?

लूपलाइन

ड्युटीचा पुरावा घेऊन या.

पांझरा (धुळे)

जरा कडू लिहिते, चालवून घ्या. यजमान गेले त्यानंतरचं वर्ष. जो येईल तो म्हणायचा, "रडायचं नाही, ते प्रभूजवळ आहेत, विश्वासणाऱ्याने आनंदी राहावं." प्रभूजवळ आहेत हे मलाही ठाऊक होतं. लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला. मेलेल्या लाजराला घटकाभरात जिवंत उठवणार होता, तरी रडला! मग मला एवढी घाई का? हसरा चेहरा करून मंडळीत बसायचं, याचाच शीण व्हायचा. शेवटी मी महिनाभर गेलेच नाही.

मग उन्हाळ्यात भगिनी मंडळाच्या चौघी सकाळी सहालाच दारात. हातात पातेलं. "तुमची गच्ची मोठी आहे, बिबडे (ज्वारीचे पापड) इथे घालायचे ठरलंय." मला कुणी विचारलं नव्हतं. ज्वारी भिजवून, कुटून तयारच आणलेली. चूल पेटवली, तीळ-लसूण घालून घाटा शिजवला. एकीने घोटायचं, दुसरीने पातेलं धरायचं. गरम घाटा ओल्या कपड्यावर थापताना बोटं भाजतात म्हणून दर दोन बिबड्यांमागे पाण्यात हात. ऊन चढायच्या आत संपवायचं असतं, त्यामुळे उपदेश करायला कुणाला सवडच नव्हती. कुणीही एक वचन म्हटलं नाही.

नऊ वाजता गल्लीतली पोरं वाट्या घेऊन हजर. घाटा आणि वर कच्चं तेल. एका पोराने वाटी चाटून पुसून संपवली आणि मला म्हणाला, "काकू, तुमच्याकडे रोज का नाही करत?" तेव्हा मी हसले. ओढून आणलेलं नव्हतं ते हसू. चौघींपैकी एकीने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घालून थापायला लागली. तिचे मी आजही उपकार मानते.

केळीबाग (रावेर)

ताई, अगदी. वादळात माझी कापणीला आलेली बाग आडवी झाली तेव्हा धीर देणारे पुष्कळ आले. तरुण संघाची पोरं मात्र कोयते घेऊन आली. खांब तोडून, ओढून बांधावर टाकले आणि संध्याकाळी तिथेच कढई चढवून कच्च्या केळ्यांचे वेफर्स तळले. पैशाचं नुकसान झालं ते झालंच, वेफर्सने काही भरून निघालं नाही. पण त्या रात्री झोप लागली.

सातपुडा_नाइट_शिफ्ट

नर्स आहे. कुपोषित बाळांच्या वॉर्डात. आमचा आनंद ग्रॅममध्ये असतो. काट्यावर कालच्यापेक्षा थोडा पुढचा आकडा दिसला की त्या आईला बोलावून दाखवते. तिला आकडा वाचता येत नाही, माझा चेहरा येतो. परवा एकीने पदराच्या गाठीतून मूठभर मोहाची फुलं काढून दिली. खाल्ली. गोड होती. फोन वाजतोय, जाते.

उकाई_रोड (नवापूर तालुका)

आमच्या हंगामाच्या सणाबद्दल लिहायलाच हवं. हा सण स्वीडनहून आलेल्या मिशनऱ्यांनी लावून दिला की आमच्या नव्या धान्याच्या पूजेतून आला, यावर गावात दोन पक्ष आहेत. दोन्ही पक्ष जेवायला मात्र एकाच पंगतीत.

भात निघाला की ज्याने त्याने पहिला वाटा चर्चमध्ये आणायचा. वेदीसमोर ढीग लागतो : तांदूळ, तूर, उडीद, भोपळे, पपई, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासनेत कोंबड्या पाळकांपेक्षा जास्त बोलतात. मग बाहेर मांडवात लिलाव. पुकारणारा पट्टीचा लागतो. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर आहेत, ते एका अंड्याची अशी तारीफ करतात की वाटतं यातून मोरच निघणार. अंडं घेणारा पैसे भरतो आणि अंडं परत ढिगात ठेवतो. पुन्हा लिलाव. असं एकच अंडं दुपारपर्यंत चार कोंबड्यांची किंमत मिळवून देतं.

गेल्या हंगामात एका एकट्या राहणाऱ्या आजींनी एक दुधी आणला होता. वेलावर तेवढाच आलेला, जरा वाकडा. मास्तरांनी बोली लावली, दहा रुपये. तरुण पोरांनी ठरवून चढवत नेली. पन्नास, शंभर, तीनशे. गर्दी टाळ्या वाजवायला लागली. शेवटी सुरतेला कामाला असलेल्या एका पोराने घसघशीत बोली देऊन घेतला आणि मोठ्या प्रेमाने आजींच्या मांडीवर नेऊन ठेवला. "आजी, तुमचा तुम्हालाच."

आजी भडकल्या! "देवाला दिलेलं परत घेऊ? भिकारी समजला का मला?" सगळा मांडव चिडीचूप. पोराचा चेहरा पडला. मास्तरही गप्प, जे आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. मग आजींनीच विळी मागवली, तिथेच बसून दुधी चिरला आणि पंगतीच्या डाळीत टाकायला लावला. एवढ्या मोठ्या हंड्यात एक दुधी म्हणजे काय, कुणाच्या पानात फोड आली, कुणाच्या नाही. ज्याला आली तो ओरडून सांगत होता. सुरतेवाल्याला आजींनी स्वतः वाढलं, दोन फोडी शोधून.

बोरीकाठी (अमळनेर)

मी ख्रिस्ती नाही, लिहिलं तर चालेल ना? शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. दिवाळीला आमचं फराळाचं ताट जातं, नाताळला त्यांचं येतं. मधल्या दिवसांत ताट नेमकं कुणाचं होतं यावर माझी आई आणि शेजारच्या मावशी दरवर्षी वाद घालतात. कॅरलवाली पोरं रात्री गल्लीत आली की आई चहाचं आधण आधीच ठेवते आणि वर म्हणते, "झोपमोड करतात मेले."

गिरणाकाठ

चालेल काय, तुम्हीच हवे होतात.

शेवभाजी_मिस_करणारा (सध्या पुणे)

आजी चोपड्याजवळच्या खेड्यात असते. रविवारी ती मला व्हिडिओ कॉल लावते आणि फोन चर्चच्या बाकावर उताणा ठेवते. मला दीड तास छताचा पंखा दिसतो. आवाज पंख्याचा, शेजारच्या आजोबांच्या खोकल्याचा आणि मधूनमधून लांबून पेटीचा. "ऐकू येस का रे भो?" असं ती प्रार्थना चालू असतानाच विचारते आणि सगळी मंडळी ऐकते. मी हो म्हणतो.

उपदेशातला एक शब्द कळत नाही, म्हणून भक्ती सुटली की चर्चच्या पायरीवर बसून ती मला सगळा पुन्हा सांगते. पाळकांना पाऊण तास लागतो, आजीचा चार मिनिटांत आटपतो आणि त्यातही कुणाची सून बाळंतीण झाली ते असतं. मेसमधले माझे दोन मित्रही आता तेवढ्यासाठी खोलीवर येऊन बसतात.