नसबंदी झाली तरी रिपोर्टमध्ये शुक्राणू! मदत हवी आहे

अर्धा_चहा:
मंडळी, पटकन सांगा. बिनटाक्याची केली, आज रिपोर्ट आला तर त्यात शुक्राणू आहेत. बायको म्हणते फसलं. डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी. परत करावी लागते का?

घाटावरचा:
केली कधी ते तर लिही. मागच्या आठवड्यात की मागच्या दिवाळीत?

मावशीबोध:
बायकोला तांबी बसवून घ्या. दहा वर्षं डोक्याला ताप नाही.

घाटावरचा:
मावशी, तो रिपोर्टचं विचारतोय.

अर्धा_चहा:
सव्वा महिना झाला. रिपोर्टवर 'रेअर, नॉन-मोटाइल' लिहिलंय.

थिएटर_सिस्टर:
सव्वा महिन्यात तपासायला सांगितलं कुणी? नळी कापली तरी कापल्या जागेच्या पुढे आधीचा साठा असतोच, तो निघायला वेळ लागतो. तपासणी तीन महिन्यांनी. तोवर निरोध. न हलणारे, तेही तुरळक, म्हणजे गाडी रुळावर आहे. नमुना लॅबमध्येच दिलास ना?

अर्धा_चहा:
घरून नेला. डबी शर्टाच्या खिशात. वाटेत पोराला शाळेत सोडलं, पेट्रोल भरलं. दीडेक तास गेला असेल.

थिएटर_सिस्टर:
मग 'नॉन-मोटाइल'ला काडीचा अर्थ नाही. तासाभरात पोचवायचा असतो, उशिराने जिवंतही गार पडतात. रुळाचं मागे घेते.

रसायनदास:
घाई केलीस. खरगपूर आयआयटीच्या सुजॉय गुहांचं इंजेक्शन आहे, रिसग. नळीत पॉलिमर सोडायचं, कापाकापी नाही. आयसीएमआरची ३०३ जणांवर चाचणीसुद्धा झाली.

घाटावरचा:
मेडिकलात मिळतं? नाही ना? माझ्या कॉलेजपासून 'येतंय येतंय' ऐकतोय.

जुना_मास्तर:
आमच्या वेळी विचारायची सोय नव्हती. आणीबाणीत शिक्षकांना माणसं आणायचा आकडा ठरवून दिलेला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राने १९७६ मध्ये सक्तीचं विधेयक विधिमंडळात मंजूरही केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून राहिलं. तेव्हापासून पुरुष या शब्दालाच बिचकतो.

पैलवान७७:
बिचकणारच. ताकद जाते. आमच्या तालमीतला एक जण जोर मारायचाच थांबला.

थिएटर_सिस्टर:
संप्रेरक रक्तातून जातं हो, त्या नळीतून नाही. तुमचा माणूस आळशी असेल.

पैलवान७७:
पुस्तकी बोलू नका.

थिएटर_सिस्टर:
बावीस वर्षं थिएटरमध्ये ट्रे लावतेय. दहा-पंधरा मिनिटांचं काम, जागा बधिर करून. बाईच्या ऑपरेशनला पोट उघडावं लागतं, तेव्हा कुणाला ताकद आठवत नाही.

मावशीबोध:
अगदी बरोबर. तरी तांबी बरी.

घाटावरचा:
अर्धा_चहा, निरोध वापरतोयस ना पण?

अर्धा_चहा:
ऑपरेशनच झालं म्हटल्यावर कशाला? दहाव्या दिवशीच बंद केला.

थिएटर_सिस्टर:
बायकोची पाळी?

अर्धा_चहा:
सहा दिवस वर गेलेत. म्हणून तर ती म्हणतेय फसलं.

घाटावरचा:
अरे मग हे पहिल्या ओळीत लिहायचं!

थिएटर_सिस्टर:
रिपोर्ट ठेव बाजूला. मेडिकलमधून प्रेग्नन्सी किट आण, सकाळच्या पहिल्या लघवीवर बघा. काही निघालं तर दोघांनी मिळून बाईंच्या डॉक्टरांकडे जा, घरगुती गोळ्या घेऊ नका. नाही निघालं आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने परत.

अर्धा_चहा:
कोपऱ्यावरचं दहाला बंद होतं. चप्पल घालतोय.

घाटावरचा:
निरोधपण घे.