भाबडेपणा म्हणून सोडून देता येत नाही

अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्गची राजकीय मतं म्हणजे राजकारण न कळणाऱ्या वैमानिकाचा भाबडेपणा, हे मत मला पटत नाही. हा माणूस कुठल्याच बाबतीत भाबडा नव्हता. 1927 मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस एकट्याने, साडेतेहतीस तास उडताना त्याने वजन वाचवायला रेडिओ आणि पॅराशूट दोन्ही सोबत घेतलं नाही. प्रत्येक गोष्ट तोलून मापून करायची, ही त्याची शिस्त. 11 सप्टेंबर 1941 चं अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डे मॉइन येथील भाषणही तयारीनिशी केलेलं होतं. अमेरिकेला दुसऱ्या महायुद्धात ढकलणाऱ्यांत त्याने ब्रिटिश आणि रूझवेल्ट सरकार यांच्या जोडीला ज्यूंचं नाव घेतलं. बायको ॲन या भाषणाने अस्वस्थ झाली होती, तरी तो मागे हटला नाही. त्याआधी, 1939 मध्ये, विमानविद्या ही गोऱ्या वंशाची राखीव ठेव असल्यासारखा लेखही त्याने लिहिला होता. नाझी जर्मनीच्या हवाई दलाचा प्रमुख गोरिंग याने 1938 मध्ये दिलेलं पदक त्याने कधीच परत केलं नाही.

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर तो पॅसिफिकमध्ये नागरी सल्लागार म्हणून लढाऊ विमानं उडवत होता, तरुण वैमानिकांना इंधन वाचवायला शिकवत होता, हेही खरं. उतारवयात देवमाशांसाठी झटला, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या कामाने डे मॉइनचं भाषण पुसलं जात नाही, आणि त्याने स्वतःही ते कधी मागे घेतलं नाही.