मदत हवी आहे: मान्यता गटाला द्यायची की गटातल्या माणसाला?

नमस्कार. अभ्यासगटात मला बहुसांस्कृतिकतेवर, म्हणजे एका देशात वेगवेगळ्या संस्कृतींच्या गटांनी एकत्र कसं नांदावं यावर, बोलायचं आहे आणि एका गाठीपाशी मी अडकले आहे.

कॅनडाचे तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. समाज तुच्छतेने पाहतो तेव्हा ती नजर आपल्या आत उतरते, म्हणून मान्यता, म्हणजे आपली ओळख आदराने स्वीकारली जाणं, ही मेहेरबानी नाही, माणसाची गरज आहे. पण गटाच्या वतीने बोलतं कोण? बहुतेक वेळा वडीलधारे पुरुष. परंपरा जपण्याचा हक्क त्यांना मिळाला, तर तिच्यात घुसमटणाऱ्या मुलीचं काय?

कॅनडाचेच राजकीय तत्त्वज्ञ विल किमलिका इथे फरक करतात: बाहेरच्यांपासून गटाला संरक्षण द्यावं, पण गटाने आपल्याच सदस्यांचं स्वातंत्र्य दाबू नये. वाचताना स्वच्छ वाटतं. मग कॅनडातल्या फ्रेंचबहुल क्वेबेक प्रांताचा १९७७ चा भाषा कायदा घ्या. इंग्रजीच्या रेट्यापुढे फ्रेंच टिकावी म्हणून तो केला, आणि त्याच कायद्यामुळे फ्रेंचभाषक पालकांना सहसा मुलांसाठी इंग्रजी सरकारी शाळा निवडता येत नाही. हे संरक्षण की निर्बंध? मला तर दोन्ही एकाच वेळी दिसतात.

यावर कुणी नीट विचार किंवा वाचन केलं असेल तर कृपया सांगा. गटातून बाहेर पडण्याची मुभा असली की पुरे, हे उत्तर मला अपुरं वाटतं, कारण बाहेर पडणं म्हणजे आईवडील, भाषा, सगळंच सोडणं. मराठीत काही वाचायला सुचवलंत तर फारच बरं होईल.