लोंबणारा सन व्हायझर: खर्च कंपनीचा की आपला?

वाकडकर
गाडी चार वर्षांची, कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सन व्हायझर, म्हणजे ऊन अडवायला काचेवर खाली ओढतो ती पाटी, वर टिकतच नाही. स्पीडब्रेकर आला की धप्पकन खाली, थेट डोळ्यांसमोर. वॉरंटीत एकदा बदलून दिला होता, नवाही तसाच झाला. आता सर्व्हिस सेंटर म्हणतं, "वॉरंटी संपली, हे वेअर अँड टेअर, नवीन घ्या." टायर झिजतात, ब्रेक पॅड झिजतात, पण व्हायझर? एकच पार्ट दोनदा त्याच जागी जातो म्हणजे दोष बनावटीत आहे. पैसे कंपनीनेच घालावेत. तुमचं मत?

गॅरेजवाले काका
झिजतो की! दांड्यावर आत एक क्लिप घट्ट बसवलेली असते, तिच्या पकडीवर तो थांबतो. काचा बंद करून गाडी उन्हात उभी केली की आतलं प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं, पकड सुटते. बाहेरचे स्क्रू कितीही आवळा, ते फक्त ब्रॅकेट छताला धरतात. जुन्या बाजारात मापाचा व्हायझर मिळतो, पाच मिनिटांचं काम. व्हायझरवरच्या आरशाजवळ दिवा असेल तर वायर दांड्यातूनच जाते, ती ओढू नका म्हणजे झालं. एवढ्यासाठी कंपनीशी भांडायला वेळ कोणाला आहे?

वाकडकर
काका, गाडी उन्हात उभी राहणार हे बनवणाऱ्याला ठाऊक नव्हतं का? सन व्हायझर आहे हो तो!

परदेशस्थ
वाकडकरांशी सहमत. अमेरिकेत २००६ नंतरच्या काही होंडा सिव्हिक गाड्यांचे व्हायझर शिवणीवर उकलायचे. लोकांनी तक्रारींचा रेटा लावला, तेव्हा होंडाने त्या पार्टपुरती वॉरंटी वाढवून दिली. २०१४ मध्ये तर जीप ग्रँड चेरोकी आणि डॉज ड्युरँगोचा मोठा रिकॉल निघाला, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावल्या. दुरुस्तीनंतर व्हायझर परत बसवताना दिव्याची वायर स्क्रूखाली दबून शॉर्ट होण्याची, आग लागण्याची भीती होती. व्हायझर म्हणजे किरकोळ, असं नाही.

कायदेबाज
तिकडचं इकडे चालत नाही. आपल्याकडे रिकॉलसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ११०-अ आहे, त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पण त्यात रस्त्यावरच्या सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका दाखवावा लागतो, आणि त्याच मॉडेलच्या ठरावीक प्रमाणात तक्रारी लागतात. एकट्या वाकडकरांच्या व्हायझरने काही हलणार नाही. राहिला ग्राहक आयोग. तिथली फी गाडीच्या किमतीवर ठरते, व्हायझरच्या नाही. १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये. फी परवडेल, तारखा परवडणार नाहीत.

ठाण्याची ताई
धोका नाही कसा? संध्याकाळी एक्सप्रेसवेने मुंबईकडे येताना सूर्य समोर असतो. शंभरच्या वेगात व्हायझर डोळ्यांवर पडला आणि एक हात स्टिअरिंगवरून काढावा लागला, तर त्याला काय म्हणायचं?

आता कामाचं. वाकडकर, पहिल्या वेळचं जॉबकार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरने दिलेला कामाच्या नोंदीचा कागद, काढा. त्यात काय लिहिलंय तेच महत्त्वाचं. माझ्या गाडीचं पॉवर विंडोचं बटण अडकायचं. सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायझरने कार्डावर लिहिलं, "चेक करून ॲडजस्ट केले." म्हणजे कागदावर दोष नव्हताच! मी तिथेच उभी राहून "बटण वारंवार अडकते, पार्ट सदोष" असं लिहून घेतलं, मगच सही केली. तुमच्या कार्डावर "व्हायझर बदलला" असेल तर वॉरंटीतच दोष मान्य झाला होता. त्या कार्डाचा फोटो लावून मेल डीलरला नाही, थेट कंपनीच्या कस्टमर केअरला करा. वॉरंटी संपल्यावरही 'गुडविल'मध्ये पार्ट देतात, कधी पूर्ण, कधी अर्ध्या किमतीत. पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, वकील लागत नाही.

कायदेबाज
गुडविल म्हणजे मेहेरबानी, हक्क नव्हे. आणि आयोगात जायचंच तर दोन वर्षांची मुदत असते, मेलामेलीत ती संपवू नका.

गॅरेजवाले काका
ताई, तुमचं बटण अख्ख्या दाराचं काम होतं. इथे माझ्याकडे महिन्याला असे व्हायझर येतात, सगळे बदलून जातात, कोणी मेल करत नाही.

ठाण्याची ताई
म्हणूनच कंपनी तेच प्लास्टिक वापरते, काका.

वाकडकर
जॉबकार्ड सापडलं. "व्हायझर असेंब्ली रिप्लेस्ड, अंडर वॉरंटी" असं स्वच्छ लिहिलंय. मेल टाकतोय. लेखी नकार आल्याशिवाय खिशातून पैसे काढणार नाही.

गॅरेजवाले काका
लेखी नकार देणार नाहीत ते. फोन करून गोड बोलतील. फोन आला की तुम्हीच मेलवर "आपण असं म्हणालात" असं लिहून पाठवा. आणि तोवर वेल्क्रोची पट्टी लावा, रबर बँड नको, उन्हात वितळून छताला चिकटतो.