ट्री पिओनीला कळीच धरत नाही, काय करू? (मुलुंड, बाल्कनी)

ओवीची_आई: नमस्कार मंडळी. ऑनलाइन नर्सरीतून ट्री पिओनीचं (लाकडी खोडाचं, मोठ्या फुलांचं झुडूप) कलम मागवलं होतं, 'भारतात कुठेही फुलतं' असं तिथे छापलेलं. पूर्वेची बाल्कनी, दहापर्यंत ऊन. शेणखत, शेंगदाणा पेंड, केळीच्या सालींचं पाणी, सगळं घालून झालं. झाड वीतभराचं दीड वीत झालंय. पानं येतात, कडा करपतात, गळतात, परत दोन येतात. सासूबाई विचारतात, "ही भाजी कधी काढायची?" काही उपाय?

मोगरेवाला: ताई, १९:१९:१९ खत सुरू करा. माझा मोगरा नुसता ओसंडतोय.

कात्रीवाल्या_काकू: मोगऱ्याचं औषध हिला देऊ नका हो, नुसता पाला वाढेल. अडचण खताची नाहीच, थंडीची आहे. हे झाड मूळचं चीनचं, तिकडे त्याला मुदान म्हणतात, तिथल्या लुओयांग शहरात एप्रिलमध्ये त्याचा उत्सव असतो. हिवाळ्यात पानं झडून काही आठवडे कडक गारवा मिळाला तरच वसंतात कळ्या फुटतात. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेसुद्धा सरासरी १६-१७ अंश. सांताक्रूझचा नीचांकच ७.४, तोही १९६२ चा! झोपच लागत नाही तर उठणार कशी?

ओवीची_आई: फ्रिजमध्ये ठेवली तर?

कात्रीवाल्या_काकू: दीड महिना भाजीचा कप्पा रिकामा ठेवाल? शेजारी सफरचंद, केळी असतील तर त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने फांदीवरचे कळ्यांचे डोळेच मरतात. आणि एवढं करून जगली, तरी पुढे आपला पावसाळा आहेच. दमट हवेत बुरशी हिला सोडत नाही. डोंगरात कुणी नातेवाईक आहे का?

ओवीची_आई: नणंद सिमल्याला असते! घरापुढे जागाही आहे.

कात्रीवाल्या_काकू: मग प्रश्नच मिटला. पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाठवा. मुळांची माती झाडून ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) गुंडाळा, वरून प्लॅस्टिक. नणंदबाईंना एवढं मात्र बजावून सांगा: कलमाचा सांधा जमिनीखाली १० ते १५ सेंमी गेला पाहिजे. 'पिओनी खोल लावू नका' हे त्यांना कुणीतरी ऐकवणारच. ते साध्या, दरवर्षी जमिनीपर्यंत वाळणाऱ्या पिओनीसाठी खरं आहे, हिच्यासाठी नेमकं उलटं. हिचं कलम त्याच साध्या पिओनीच्या मुळावर बांधतात. सांधा खोल गेला की वरच्या खोडाला स्वतःची मुळं फुटतात आणि मग झाड जोर धरतं. बुडातून वेगळ्याच पानांचे धुमारे आले तर ते खालच्या मुळाचे, लगेच काढायचे.

पाणी साचणार नाही अशी जागा, निम्मा दिवस ऊन. हिवाळ्यात काटक्या वाळल्यासारख्या दिसतील, त्या छाटायच्या नाहीत, कळ्या जुन्या लाकडावरच येतात. एकदा लावली की हलवायची नाही. फुलायला ३-४ वर्षं सहज लागतात.

मोगरेवाला: ३-४ वर्षं?? तोवर आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाईल 😄

अनिकेत_ठाणे: ताई, त्या रिकाम्या कुंडीत कवठी चाफा लावा. तोही रेंगाळत वाढतो, पण हवा आपलीच लागते. अंड्यासारखी पांढरी गुबगुबीत कळी संध्याकाळी उमलली की एका फुलात घर भरतं. कलमच घ्या. मागे एका नर्सरीने कलम म्हणून मला बियांचं रोप गळ्यात मारलं होतं. खोडाच्या बुडाशी सांध्याची गाठ बोटाला लागते का, ते स्वतः चाचपून बघा. एवढा धीर नसेल तर वेलणकर जातीचा सोनचाफा. त्याचं कलम कुंडीतही लवकर फुलतं.

ओवीची_आई: कवठी चाफाच. सासूबाईंचा आवडता निघाला, त्यांच्या माहेरी अलिबागला होता म्हणे! कलम कुठे बघू?

अनिकेत_ठाणे: घाई नसेल तर राणीच्या बागेतल्या पालिकेच्या झाडाफुलांच्या प्रदर्शनापर्यंत थांबा, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतं. नर्सरीवाले तिथे येतात, झाड हातात घेऊन बघता येतं. सकाळीच जा, दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते.